अंधाराचा जमाखर्च

मनुष्याच्या डोळ्याला प्रकाशाची साठवण करता येत नाही. समोरच्या वस्तूवरून आलेला प्रकाश तो फार तर सेकंदाच्या दहाव्या हिश्शापुरता जवळ बाळगतो, तेवढ्यावरून मेंदूपुढे एक चित्र मांडतो आणि ते जुने होण्यापूर्वीच पुढल्या प्रकाशाच्या स्वागताला लागतो. अंगावर धावून येणारे जनावर ओळखण्यासाठी ही घाई अत्यंत उपकारक असली, तरी आकाशातील ज्या पदार्थांचा प्रकाश हजारो किंवा लाखो वर्षांचा प्रवास करून अक्षरशः कणाकणाने आपल्यापर्यंत पोहोचतो, त्यांच्या बाबतीत तीच घाई आपल्याला आंधळे करून सोडते. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री मृग नक्षत्रातील तेजोमेघ लहान दुर्बिणीतून पाहणाऱ्याला एक करडा, किंचित हिरवट असा धुरकट पट्टा दिसतो. आणि डोळे एकदा अंधाराला सरावले की नंतर तो पहाटेपर्यंत टक लावून बसला तरी त्यात विशेष भर पडत नाही. छायाचित्राची काच मात्र आलेला प्रत्येक प्रकाशकण, निदान त्यांतील काही, जिरवून ठेवते, आणि म्हणून तिला दिलेला वेळ वाया जात नाही.

या गुणाचा आकाशासाठी उपयोग करून घेणारी पहिली माणसे वेधशाळांचे पगारी नोकर नव्हती, ही गोष्ट आवर्जून नमूद करण्यासारखी आहे. १८८० सालच्या ३० सप्टेंबरच्या रात्री हेन्री ड्रेपर या वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या अमेरिकन गृहस्थाने याच मृगातील तेजोमेघाकडे आपली दुर्बीण रोखून एक्कावन्न मिनिटे काच उघडी ठेवली आणि तेजोमेघाचे पहिले छायाचित्र मिळविले. तीन वर्षांनी लंडनजवळच्या ईलिंग येथील अँड्र्यू कॉमन या सांडपाण्याच्या व्यवस्थेच्या अभियंत्याने छत्तीस इंची आरशाच्या दुर्बिणीतून त्याच तेजोमेघाचे जे चित्र घेतले, त्यात त्याच दुर्बिणीला डोळा लावूनही न दिसणारे तारे उमटले होते. यंत्र माणसाच्या दृष्टीच्या पुढे गेल्याचा हा पहिला निर्विवाद पुरावा. आयझॅक रॉबर्ट्स हा लिव्हरपूलकडचा इमारतींचा कंत्राटदार. त्याने १८८८ च्या अखेरीस घेतलेल्या देवयानी दीर्घिकेच्या चित्रात तिचे सर्पिल बाहू प्रथमच स्पष्ट झाले, आणि ती एक नव्याने घडत असलेली सूर्यमाला असावी असा त्याचा समज झाला. समज चुकीचा ठरला, पण काच बरोबर होती. हौशी मंडळींच्या या उद्योगात पुढेही पुष्कळदा असेच घडत आलेले दिसते.

यानंतरच्या शतकभरात फिल्म सुधारली, परंतु तिचे दोन मूलभूत दोष गेले नाहीत. तिच्यावर पडलेल्या शंभर प्रकाशकणांपैकी जेमतेम एक-दोघांचीच नोंद होई. आणि प्रकाश मंद व वेळ लांबलचक असला म्हणजे तिची मूळचीच तुटपुंजी ग्रहणशक्ती आणखी घटत जाई. त्यावर उपाय म्हणून हौशी लोक कोडॅकची टेक्निकल पॅन फिल्म हायड्रोजन मिसळलेल्या वायूत तासन्‌तास तापवून घेत, आणि मग एकाच चित्रासाठी दुर्बिणीच्या नेत्रिकेतून एका ताऱ्यावर नजर खिळवून, थंडीत कुडकुडत, हाताने दुर्बीण सावरीत बसत. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या सिलिकॉनच्या संवेदकाची कल्पना मांडली, जिच्यासाठी त्यांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, आणि या तपश्चर्येचे दिवस संपत आले. सीसीडीची जागा गेल्या काही वर्षांत सीमॉस जातीच्या संवेदकांनी घेतली आहे. सोनी कंपनीचा आयएमएक्स ५७१ हा त्यांतला आज सर्वांत लोकप्रिय म्हणता येईल असा एक संवेदक. साडेतेवीस मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर सुमारे दोन कोटी साठ लक्ष घरे, प्रत्येक घर ३.७६ मायक्रॉनचे, आणि अनुकूल रंगाच्या प्रकाशातले शंभरांपैकी ऐंशीहून अधिक कण पकडण्याची त्याची ताकद. कॉमनच्या छत्तीस इंची आरशाने जे साधले नाही, ते आज चार इंची भिंगामागे हा संवेदक बसवून साधते.

हा संवेदक ज्या खास खगोलीय कॅमेऱ्यांत बसविलेला असतो ते पाहून नवख्या माणसाचा बहुधा हिरमोड होतो. ते मुठीत मावेल असे धातूचे एक नळकांडे असते. त्याला पडदा नाही, बटण नाही, लेन्स नाही, आणि संगणकाच्या तारेशिवाय ते एक चित्रही घेऊ शकत नाही. लग्नकार्यात याचा काडीचा उपयोग नाही. उलट बाजूने पाहिले तर लग्नकार्यातील कॅमेऱ्याचाही आकाशात यथातथाच उपयोग होतो, कारण त्याच्या संवेदकापुढे जी काचेची चकती बसविलेली असते ती माणसांच्या त्वचेचा रंग नैसर्गिक दिसावा म्हणून गडद तांबड्या प्रकाशाला बराचसा अडवून धरते, आणि आकाशातील हायड्रोजनचे प्रचंड मेघ नेमके त्याच तांबड्या रंगात, ६५६.३ नॅनोमीटर या तरंगलांबीला, उजळत असतात. खास कॅमेऱ्यात ती चकती नसते. शिवाय त्याच्या पोटात, संवेदकाच्या पाठीशी, विजेच्या प्रवाहाने एका बाजूची उष्णता दुसरीकडे वाहून नेणारी पट्टी असते. हा परिणाम झाँ पेल्तिए या फ्रेंच गृहस्थाने १८३४ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्या पट्टीच्या व एका छोट्या पंख्याच्या साहाय्याने संवेदक बाहेरच्या हवेपेक्षा तीस-पस्तीस अंशांनी थंड ठेवता येतो.

थंडाव्याची ही गरज का, हे समजून घेतल्याखेरीज या छंदाचे मर्म कळणार नाही. आणि ते समजण्यासाठी जुन्या कचेरीतील जमाखर्चाच्या वहीपेक्षा चांगला दाखला प्रस्तुत लेखकाला सुचत नाही. संवेदकाचे प्रत्येक घर हे एकेक खाते आहे असे समजावे. त्यात जमेस पडणारी सगळीच रक्कम दीर्घिकेकडून आलेली नसते. शहराच्या दिव्यांनी उजळलेल्या हवेतून आलेला प्रकाश त्याच खात्यावर चढतो. सिलिकॉनच्या स्वतःच्या उष्णतेने सुटे झालेले इलेक्ट्रॉन, प्रकाशाचा एक कणही न येता, त्याच खात्यावर चढतात. आणि खात्याची बेरीज वाचून दाखविणारे मंडल प्रत्येक वाचनाच्या वेळी स्वतःची थोडी चूक त्यात घालते. या गैरवाजवी रकमा वजा करून जी बाकी उरते तेच खरे चित्र.

वजावटीची रीत सोपी आहे आणि जगभर एकच आहे. दुर्बिणीच्या तोंडावर झाकण घालून, तितकाच वेळ व तितकेच तापमान ठेवून घेतलेल्या चित्रांना ‘डार्क’ म्हणतात. त्यांत उष्णतेची वसुली असते आणि ती मूळ चित्रातून वजा करतात. एकसारख्या उजेडाच्या पांढऱ्या पृष्ठभागाची चित्रे म्हणजे ‘फ्लॅट’. भिंगामुळे कडेला येणारा काळोख आणि काचेवर बसलेल्या धुळीची वर्तुळे त्यांवरून कळतात, व मूळ चित्राला त्यांनी भागले की नाहीशी होतात. वेळ जवळजवळ शून्य ठेवून घेतलेले ‘बायस’ वाचनाची मूळ शिल्लक दाखविते. नवशिक्यांना हे सारे काम कारकुनी वाटते, आणि ते आहेही. परंतु ज्याने ‘फ्लॅट’ घेण्याचा कंटाळा केला त्याचे चित्र पुढे कितीही रंगविले तरी मध्यभागी उजळ व कडेला मळकट राहते, असा अनुभव या क्षेत्रातील कोणीही सांगेल.

मग थंडावा कशाला, उष्णतेची रक्कमही ‘डार्क’मध्ये वजा होत नाही काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. उत्तर असे की रक्कम वजा करता येते, पण तिने घातलेला गोंधळ वजा करता येत नाही. प्रकाशकण काय किंवा उष्णतेचे इलेक्ट्रॉन काय, ते ठरावीक गतीने येत नाहीत, पावसाच्या थेंबांप्रमाणे अनियमितपणे येतात. आणि संभाव्यतेच्या गणिताने त्यांच्या संख्येतील चढउतार त्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. शंभर कणांची अपेक्षा असेल तेथे दहांचा चढउतार, म्हणजे दहा टक्के. दहा हजारांची अपेक्षा असेल तेथे शंभरांचा, म्हणजे एकच टक्का. सरासरी वजा केल्यावरही हा चढउतार चित्रात दाणेदार खरखरीच्या रूपाने मागे उरतो. म्हणून मुळात ती रक्कमच खात्यावर चढू न देणे हा खरा उपाय. संवेदकातील उष्णतेचा हा प्रवाह दर सहा-सात अंशांना दुप्पट होतो. तेव्हा मार्च महिन्याच्या रात्री हवेचे तापमान तीस अंश असता संवेदक उणे पाच अंशांवर नेला तर तो सुमारे चाळीस पटींनी घटतो. थंडाव्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या स्थिरतेचा फायदा असतो. साध्या कॅमेऱ्याचे अंग रात्रभर तापत-निवत राहते आणि त्यामुळे त्याचे ‘डार्क’ दर वेळी नव्याने घ्यावे लागून तेही नीट जुळत नाहीत. याउलट खास कॅमेऱ्याचे उणे पाच अंशांचे ‘डार्क’ पावसाळ्यात घरी बसून घेऊन ठेवले तरी हिवाळ्यात लागू पडतात.

याच वर्गमुळाच्या नियमातून या छंदाचे दुसरे कठोर सत्य निघते. एका तासाच्या चित्रापेक्षा दुप्पट स्वच्छ चित्र हवे असेल तर चार तास द्यावे लागतात, चौपट स्वच्छ हवे तर सोळा. मात्र हे तास सलग एकाच चित्रात घालावे लागत नाहीत. आजच्या संवेदकांची वाचनातील चूक एक ते तीन इलेक्ट्रॉनांइतकी खाली आलेली असल्यामुळे तीन-तीन किंवा पाच-पाच मिनिटांची शेकडो चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढता येते, आणि त्या सरासरीत, एखाद्याच चित्रात उमटलेली कृत्रिम उपग्रहाची रेघ किंवा विमानाचे दिवे संगणकाला अपवाद म्हणून ओळखून गाळताही येतात. २०१९ पासून आकाशात सोडलेल्या स्टारलिंकच्या उपग्रहांमुळे ही गाळणी आता चैनीची बाब राहिलेली नाही.

परंतु खाती कितीही चोख असली तरी तारा आपल्या खात्यावर स्थिर राहिला पाहिजे. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश दर सेकंदाला पंधरा विकला सरकते. चारशे मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीमागे वर सांगितलेला संवेदक लावला तर त्याचे एक घर सुमारे दोन विकलांचे होते, म्हणजे दुर्बीण स्वस्थ ठेवल्यास तारा दर सेकंदाला सात-आठ घरे ओलांडून जाईल. हे सरकणे रद्द करणारे माउंट नावाचे यंत्र, ज्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो, हेच या सर्व सरंजामाचे खरे अधिष्ठान आहे. त्याच्या दातेरी चाकांतील सूक्ष्म दोष सुधारण्यासाठी एक दुसरा छोटा कॅमेरा एखाद्या ताऱ्याकडे सतत पाहत राहतो आणि तो तारा किंचित ढळला की माउंटला हुकूम सोडतो. पूर्वी थंडीत कुडकुडणारा माणूस जे करीत असे तेच हे काम. पीएचडी २ नावाची एक आज्ञावली ते विनामूल्य करते. असे असूनही बाजारात फिरणारा नवखा गिऱ्हाईक कॅमेऱ्यावर लाखाच्या घरात खर्च करतो आणि माउंटच्या बाबतीत काटकसर करतो; या लेखकाच्या मते हा व्यवहार सर्वस्वी उलटा आहे.

आपल्या प्रदेशाचा विचार करता जमाखर्चातील सर्वांत मोठी गैरवाजवी रक्कम उष्णतेची नसून दिव्यांची आहे. मोठ्या शहराच्या मध्यभागी आकाशाची पार्श्वभूमी गडद जागेपेक्षा तेजस्वितेच्या साधारण साडेतीन प्रतींनी उजळ असते, म्हणजे जवळजवळ पंचवीसपट. आणि वर्गमुळाचा नियम येथेही लागू असल्यामुळे, गडद जागी एका तासात जे चित्र मिळेल त्याच प्रतीच्या चित्रासाठी शहरात पंचवीस तास खर्ची घालावे लागतात. ही तूट कोणत्याही कॅमेऱ्याने भरून निघत नाही. मुंबईच्या खगोल मंडळाने वर्षानुवर्षे वांगणीला आकाशदर्शन घडविले, पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करीत आली आहे. पण शहरांचा उजेड त्यांच्या निरीक्षणस्थळांच्या क्षितिजावर दरवर्षी थोडा वर चढतो आहे. या परिस्थितीत पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या महाराष्ट्राकडील भागाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले आंतरराष्ट्रीय मान्यतेचे ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून स्थान मिळाले, ही समाधानाची गोष्ट होय. त्याहून उत्तम आकाश लडाखमधील हान्लेचे, परंतु ते साडेचार हजार मीटर उंचीवर आहे आणि तेथील रात्रीचा गारठा सर्वांना सोसवणारा नव्हे. महाराष्ट्राच्या अक्षांशाचा एक लाभ मात्र आपल्याकडे क्वचितच कोणी मोजतो: युरोपातील हौशी माणसाला जन्मात घरातून न दिसणारा कॅरिना तेजोमेघ पुण्याच्या दक्षिण क्षितिजावर बारा अंशांपर्यंत वर येतो, आणि नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ तर चांगलाच वर.

ज्यांना शहर सोडणे शक्य नाही त्यांच्यासाठी अरुंद पट्ट्याच्या गाळण्या हा एकच खरा आधार आहे. तेजोमेघातील वायू काही मोजक्याच तरंगलांबींना प्रकाशतो: हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरला, दोनदा आयनीभूत झालेला ऑक्सिजन ५००.७ ला, गंधक ६७२ च्या आसपास. एवढीच रेघ आत घेऊन बाकीचा प्रकाश अडविणारी तीन ते सात नॅनोमीटर रुंदीची गाळणी लावली की शहराचा बहुतांश उजेड दाराबाहेर राहतो. दीर्घिका व तारकागुच्छ यांना हा उपाय चालत नाही, कारण त्यांचा प्रकाश ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांत पसरलेला असतो. रस्त्यावरचे जुने सोडियमचे पिवळे दिवे एका ठरावीक पट्ट्यातच उजळत व गाळता येत. त्यांच्या जागी आलेले पांढरे एलईडी ती सोय घेऊन गेले.

या गाळण्यांतून आलेल्या चित्रांना रंग कोणता द्यावयाचा, हा वाद जुना आहे. हबल दुर्बिणीतून १९९५ साली जेफ हेस्टर व पॉल स्कोवेन यांनी घेतलेल्या, ‘सृष्टीचे स्तंभ’ म्हणून गाजलेल्या चित्रात गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला होता, आणि तेव्हापासून हौशी मंडळींत तीच वहिवाट पडली. हे रंग खोटे आहेत अशी तक्रार ऐकू येते, ती मला पटत नाही; नकाशात डोंगर तपकिरी रंगवला म्हणून नकाशा खोटा होत नाही, फक्त संकेत जाहीर असला पाहिजे. तक्रार करावयाचीच असेल तर ती दुसऱ्या एका प्रवृत्तीविरुद्ध करावी. खरखर पुसण्यासाठी व तपशील धारदार करण्यासाठी हल्ली शिकविलेल्या संगणकप्रणाली वापरतात, आणि त्या अति वापरल्या की खात्यावर मुळात नसलेली रक्कम बाकीत दिसू लागते. सुंदर दिसणारा एखादा धागा तेजोमेघात आहे की प्रणालीने आपल्या पूर्वीच्या अभ्यासावरून भरून काढला आहे, हे चित्र पाहून सांगता येत नाही. अशा चित्राला शोभेची वस्तू म्हणून माझी हरकत नाही. नोंद म्हणून आहे.

ही हरकत निव्वळ सोवळेपणाची वाटू नये म्हणून हौशी माणसांच्या नोंदींतून या शतकात काय निघाले ते सांगतो. २३ जानेवारी २००४ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात जे मॅक्नील या गृहस्थाने आपल्या अंगणातून, तीन इंची भिंगाच्या दुर्बिणीला सीसीडी कॅमेरा लावून, मृगातील एम ७८ या तेजोमेघाचे चित्र घेतले, आणि त्यात पूर्वीच्या बहुतेक चित्रांत नसलेला एक पंख्याच्या आकाराचा तेजोमेघ आढळला. एका बालताऱ्याच्या उद्रेकाने तो उजळला होता, आणि आज तो मॅक्नीलच्याच नावाने ओळखला जातो. अर्जेंटिनातील रोसारिओ शहरी कुलपे दुरुस्त करणारा व्हिक्टर बुसो २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री घराच्या गच्चीवर सोळा इंची दुर्बिणीला लावलेला नवा कॅमेरा तपासून पाहत होता. शहराच्या उजेडाने चित्र पांढरे पडू नये म्हणून त्याने वीस-वीस सेकंदांची चित्रे घेतली होती. एनजीसी ६१३ या सुमारे आठ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेच्या त्या चित्रमालेत आधी काहीच नसलेल्या ठिकाणी एक ठिपका उगवला व उजळत गेला. ताऱ्याच्या स्फोटाची लाट पृष्ठभाग फोडून बाहेर पडते तो क्षण दृश्य प्रकाशात इतक्या स्पष्टपणे यापूर्वी कोणालाच सापडला नव्हता, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात व्यावसायिक शास्त्रज्ञांच्या नावांबरोबर बुसोचेही नाव आहे. शहरातील अडचणीमुळे वेळ लहान ठेवावा लागला म्हणून त्या ठिपक्याची वाढ टप्प्याटप्प्याने नोंदली गेली, हेही ध्यानात घ्यावे.

तिसरे उदाहरण अधिक विलक्षण आहे. देवयानी दीर्घिका हा आकाशातील सर्वाधिक छायाचित्रित पदार्थांपैकी एक. तिच्याबद्दल नवे काही शिल्लक असेल असे कोणाला वाटले नसते. फ्रान्समधील यान सेंटी याने मार्सेल ड्रेक्सलर व झाव्हिए स्ट्रोटनर या दोघांच्या सहकार्याने २०२२ मध्ये चार इंची दुर्बीण व थंड केलेला एकरंगी कॅमेरा वापरून तिच्यावर शंभराहून अधिक तास खर्च केले, आणि त्यांपैकी पुष्कळसे ऑक्सिजनच्या गाळणीतून. दीर्घिकेच्या शेजारी, तिच्यापासून दोन-तीन पूर्णचंद्रांच्या अंतरावर, ऑक्सिजनच्या प्रकाशाची एक निळसर, लांबलचक कमान उमटली. जानेवारी २०२३ मध्ये ती जाहीर झाली. ती देवयानीजवळ आहे की आपल्याच आकाशगंगेत, यावर नंतर बराच ऊहापोह झाला असून ती आकाशगंगेतील असावी याकडे अलीकडच्या अभ्यासांचा कल आहे. एवढी रुंद कमान इतकी वर्षे कोणाला दिसली नाही याचे कारण साधे आहे: मोठ्या दुर्बिणींचे दृष्टिक्षेत्र तिच्या मानाने फार लहान, त्यांचा वेळ फार महाग, आणि हौशी मंडळींपैकी कोणी या गाळणीतून तेथे इतके तास दिले नव्हते.

म्हणून या मार्गाला लागणाऱ्या वाचकाला एक विनंती आहे. तयार झालेले देखणे चित्र मित्रांना अवश्य दाखवावे. परंतु त्यामागची मूळ, न रंगविलेली चित्रे, त्यांचे ‘डार्क’ व ‘फ्लॅट’, तारीख, वेळ, स्थळ, गाळणी आणि तापमान यांच्या नोंदीसह, जागा अडते म्हणून पुसून टाकू नयेत. बुसोच्या रात्रीचा पुरावा त्याच्या मूळ चित्रांत होता, आणि एखाद्या ताऱ्याने दहा वर्षांपूर्वी काय केले हे उद्या कोणी विचारले तर उत्तर फक्त अशा दप्तरातूनच निघेल.